पाणी कितीवर आलंय

रात्रीचे तीन वाजलेत. पिल्लू आत्ताच दूध पिऊन झोपलंय, एकोणीस दिवसांचं झालं आज. आई शेजारी घोरतीय. बाळंतिणीनं मोबाईल बघितला की डोळे जातात असं तिचं म्हणणं, म्हणून ब्राइटनेस एकदम कमी करून पांघरुणात लिहितीय. लिहायचं कारण एवढंच की माझ्या बाळंतपणाच्या त्या आठवड्याच्या आत्ताच दोन गोष्टी तयार झाल्यात, एक आईची आणि एक नवऱ्याची, आणि दोन्हीत मी लई शहाणी आहे. तसं झालेलं नाही.

आमचं गाव कोल्हापूरच्या शिवाजी पुलाच्या पलीकडं. राजारामपुरीतलं हॉस्पिटल एरवी पंचवीस मिनिटं, पण जुलैत पलीकडची माणसं मिनिटांत बोलत नाहीत, फुटांत बोलतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला गेली की इशारा, ४३ ला धोका. पप्पा सकाळी उठल्यावर चहाच्या आधी "पाणी कितीवर आलंय" बघतात, सगळं गावच बघतं. २०१९ ला आणि परत २०२१ ला आमच्या भागातल्या माणसांनी बोटीतनं बाहेर पडायचं काय असतं ते बघितलंय. त्यामुळं आशाताईंनी जूनमध्येच येऊन माझी डेट लिहून घेतली, पुराच्या गावांतल्या दिवस भरत आलेल्या बायकांची यादी करायची असते त्यांना. माझी डेट ऑगस्टच्या पाच तारखेची. आज्जी म्हणाली, "बरोब्बर पुराच्या तोंडावर धरलाईस बघ मुहूर्त."

डेट म्हणजे काय तर शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजून काढलेली तारीख, बरोब्बर त्या दिवशी शंभरातली चार-पाच बाळंच येतात. हे मला माहीत होतं. मी सगळं वाचलं होतं ओ. कळा मोजायचं ॲप पण घेतलं होतं, एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत मोजायचं, मधली सुट्टी नव्हे, हे आईला चार वेळा समजावून सांगितलं होतं. पाच-एक-एक, म्हणजे पाच मिनिटाला एक कळ, एक मिनिट टिकणारी, असं एक तास चाललं की निघायचं. पहिलटकरणीसाठी हा हिशोब. पाठ होता.

आणि तरी पहिल्यांदा गेलो ते फुकट गेलो.

गुरुवारची रात्र होती, साडेनऊला पोट घट्ट व्हायला लागलं, पाठीतनं कळ, सहा मिनिटं, सात मिनिटं, पाच मिनिटं, परत आठ. ॲपवर कसा छान झिगझॅग ग्राफ येत होता. तास कुठं भरला होता, पण घरात सगळे उभेच राहिले की. दादानं ओमनी काढली, वहिनीनं बॅग, आज्जीनं बॅगेत जुनं सुती लुगडं कोंबलं वर, पप्पांनी नवऱ्याला फोन केला आणि तो पुण्यातनं लगेच निघाला, सव्वादोनशे किलोमीटर, रात्रीचा, पावसात. हॉस्पिटलला पोचलो तर पट्टा लावला, एनएसटी म्हणजे बाळाच्या ठोक्यांची तपासणी नॉर्मल, आतनं तपासलं तर पिशवीचं तोंड दीड सेंटीमीटर उघडलेलं. जरा फिरा म्हणाले. फिरले. पाणी प्या म्हणाले. प्याले. आणि दोन वाजता कळा गेल्या की राव निघून! पाहुणे जेवून गेल्यासारख्या. एक सिस्टर दुसरीला माझ्या देखत म्हणाली, "हिला अजून कळ म्हणजे काय कळलं न्हाई, गाडीत बसून आली बघायला." दोघी हसल्या. मी पण हसले, काय करणार. घरी जायचा कागद मिळाला तेव्हा नवरा नुकता किणी टोलनाका पास करून येत होता.

घरी आलो पहाटे चारला. सकाळी आठला समोरच्या काकू दारात, "काय झालं गं, पोरगा का पोरगी?" काय नाही झालं काकू. मग गिरणीवाले, मग दूध घालायला आलेला पोरगा, मग आत्याचा फोन. दिवसभरात मी अकरा वेळा "काय नाही झालं" म्हणाले, मोजलंय, मोजायची सवयच लागली होती. नवरा शनिवारी रात्री गपचूप परत गेला, सोमवारी त्याची कसली तरी डिलिव्हरी होती, म्हणजे ऑफिसमधली, हा विनोद दादानं केला.

त्याच शनिवारी सकाळी डॉक्टर मॅडमना ओपीडीत भेटून आलो होतो. त्यांना मी पहिलं हेच विचारलं की माझं चुकलं का. त्या म्हणाल्या नाही, खोट्या कळा खोट्या नसतात, त्या फक्त पुढं जात नाहीत. झोपलं, फिरलं, पाणी प्यायलं की मोडतात त्या, खऱ्या मोडत नाहीत, जवळजवळ येतात आणि बोलायचं बंद करतात. बोलायचं बंद करतात हे मला तेव्हा कळलं नव्हतं. नंतर कळलं.

मग त्यांनी माझी फाईल उलटी केली आणि मागं पेननं लिहिलं. पाच-एक-एक लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारून "मोजायचं नाही, यायचं" असं लिहिलं. पाणी गेलं तर. हिरवट, काळपट पाणी असलं तर पळतच, बाळानं आत शी केलेली असू शकते. पाळीसारखं रक्त गेलं तर. डोकं ठणकून डोळ्यापुढं काजवे, बीपीचं लक्षण. बाळ कमी हललं तर. तिथं आईनं तोंड घातलं, की बाळ खाली उतरलं की गपच होतं न्हवं, आमची आज्जी म्हणायची. मॅडम म्हणाल्या, आज्जीला नमस्कार सांगा, पण जागा कमी पडली तरी बाळ शेवटपर्यंत हलतं, शंका आली तर डाव्या कुशीवर पडून दोन तासात दहा हालचाली होतायत का बघायचं आणि नसतील तर उद्या नाही, तेव्हाच यायचं. आईनं ते तोंड जरा वाकडं करूनच ऐकलं. एरंडेलाचं पण तिथंच निघालं, आज्जी रोज रात्री वाटीत एरंडेल घेऊन उभी असायची कोमट दुधात घालून, मॅडमनी हात जोडले, तेवढं करू नका, जुलाब होतील आणि कळा येतील का नाही ते देवाला माहीत.

आणि सगळ्यात शेवटी विचारलं, राहता कुठं? पुलाच्या पलीकडं म्हटल्यावर पेन परत उघडलं आणि पाच-एक-एकच्या पुढं लिहिलं, "३९ फूट". म्हणाल्या, ज्याचं घर लांब त्याचा हिशोब वेगळा. पाणी ३९ ला गेलं की कळा असू देत नसू देत, अलीकडं येऊन राहायचं.

झालं, यावर घरात दोन दिवस महाभारत. रविवारी पाणी ३५ वर, सोमवारी सकाळी ३६, राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला, संध्याकाळी अजून दोन. पप्पा मोबाईल डोळ्याला लावून मोठ्यानं वाचायचे, एका दरवाजातनं १४२८ क्युसेक. मंगळवार पेठेत मावशीचं घर आहे, दोन खोल्या, तिथं जाऊन राहायचं असं पप्पांचं. आई म्हणायची लेकीचं पहिलं बाळंतपण बहिणीच्या घरातनं, लोक काय म्हणतील. दादा म्हणायचा ३८ झाल्यावर बघू. आणि मी? मला कुठंच जायचं नव्हतं. तिकडं जाऊन आठ दिवस बसायचं आणि काहीच झालं नाही तर परत सगळ्यांना "काय नाही झालं" सांगायचं, याचीच मला पुरापेक्षा जास्त भीती वाटत होती. शिवाय मावशीकडं संडास जिन्याखाली आहे, बाहेर, पावसात.

मंगळवारी पहाटे पाणी गेलं. नदीचं नव्हे, माझं.

दोन चाळीसला जाग आली, मोबाईलवर बघितलं म्हणून माहीत. लघवी झाली असं वाटलं, या दिवसात शिंकलं तरी होते. बाथरूममध्ये जाऊन आले, परत झोपले, उठून बसले तर परत गरम पाणी पायावर. थांबवायचा प्रयत्न केला तर थांबेना. लघवी असती तर थांबली असती, हे डोक्याला कळलं की. पॅड घेतलं, पाच मिनिटांनी बघितलं, पांढरं, जरा गुलाबी झाक, लघवीचा वास नाही, एक गोडूस कसला तरी. फाईल उशाशी. मॅडमचं अक्षर त्यात. "मोजायचं नाही, यायचं."

आणि मी काय केलं? बाथरूममध्ये पाटावर बसून राहिले. कळ एक पण नव्हती. बाहेर पत्र्यावर पाऊस असा की आतलं काही ऐकू जाणार नाही, आणि मला त्याचं बरं वाटत होतं. डोक्यात ती सिस्टर, गाडीत बसून आली बघायला. डोक्यात नवरा, परत रात्रीचा हायवे. डोक्यात काकू. म्हटलं एक कळ तरी येऊ दे, म्हणजे तोंड घेऊन जाता येईल. कळ येईना. पोटावर हात ठेवून पिल्लूला ढोसत होते, ते हलत होतं, तेवढाच आधार. पॅड तीन बदलले. आमच्या बाथरूमच्या खिडकीच्या कठड्यावर पप्पांचं जुनं दाढीचं ब्रश ठेवलेलं असतं, केस झडलेलं, ते किती वेळ बघत होते मी. त्याच्या मुठीवर तडा गेलाय आणि त्याला दोऱ्यानं गुंडाळलंय, नऊ वेढे आहेत.

पावणेचारला आईला उठवलं. हॉस्पिटलला फोन केला, रात्रपाळीची दुसरीच सिस्टर होती. तिनं तीन प्रश्न विचारले, रंग कसा, बाळ हलतंय का, किती वाजता गेलं. पहिल्या दोन्हीला खरं सांगितलं. तिसऱ्याला म्हणाले, आत्ताच, पावणेचारला. "या. कळा नसल्या तरी या. झोपून या, घाई नको पण थांबू नका," एवढंच बोलली.

नवऱ्याला फोन लावला तर झोपेतनं म्हणाला, "नक्की ना?" दोनच शब्द. वाईट अर्थानं नव्हते, तो बिचारा पाच मिनिटात गाडीत पण बसला, पण ते दोन शब्द मी अजून गिळतीय.

ओमनीत मागच्या सीटवर कुशीवर, आईच्या मांडीवर डोकं. पुलावर आल्यावर दादानं गाडी हळू केली. नदी दिसत नव्हती, अंधारच होता, पण आवाज येत होता, खालून कोणतरी मोठं जातं फिरवतंय तसा. पुढं बसलेले पप्पा कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले, साडेअडतीस.

पोचल्यावर तपासलं, दोन सेंटीमीटर. मी डोळे मिटून वाट बघत होते आता घरी पाठवतील म्हणून. नाही पाठवलं. बेड दिला, सुई टोचली, पट्टा लावला. पट्ट्यातनं पिल्लूच्या काळजाचा घोडा पळतोय, तो आवाज ऐकत पडले होते तर सिस्टर फाईलमध्ये लिहिताना दुसरीला सांगत होती की पाणी पावणेचारला गेलंय, तिथनं तास धरायचे, वेळ वाढंल तसा इन्फेक्शनचा धोका वाढतो, अँटिबायोटिक कधी चालू करायचं ते त्याच्यावर. तेव्हा माझ्या पोटात जे झालं ती कळ नव्हती. पाच-दहा मिनिटं गप्प पडून राहिले. मग म्हटलं, सिस्टर, दोन चाळीसला गेलं होतं.

मला वाटलं आता बोलणार. तिनं माझ्याकडं बघितलं फक्त, ३:४५ वर आडवी रेघ मारली, वर २:४० लिहिलं, शेजारी सही केली. म्हणाली, "बरं झालं सांगितलं. आधी एकदा परत गेला होता का तुम्ही?" मी मान हलवली. "मग बरोबर," एवढं बोलून ती गेली.

पुढचं सगळ्यांचं असतं तसं. साडेनऊला खऱ्या कळा आल्या, साडेदहाला नवरा आला, बाराला कळा वाढवायचं सलाईन लावलं, दुपारनंतर माझं बोलणं बंद झालं, मॅडम म्हणाल्या होत्या तसं. संध्याकाळी सात दहाला मुलगी, दोन किलो नऊशे. टाके पडले. त्याच रात्री आमच्या रस्त्यावर पाणी आलं आणि पप्पा म्हशींसाठी दुपारीच परत गेलेले ते चार दिवस तिकडंच अडकले, आज्जीनं नातीची पोरगी व्हिडिओ कॉलवरच बघितली आणि मोबाईलवरनंच तिची दृष्ट काढली.

परवा रात्री असंच वाचत होते, डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं, २०१८ पासून खरं लेबर पाच सेंटीमीटरपासून धरा म्हणून सांगितलंय, आणि त्याच्या आधीचा टप्पा किती चालंल याला ठराविक मोजमापच नाही, प्रत्येकीचं वेगळं. म्हणजे गुरुवारी दीडवर परत आले ते काय परीक्षेत नापास नव्हते. हे त्या सिस्टरला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि मला पण, गुरुवारीच.

काल आई लसीचा कार्ड शोधताना फाईल चाळत होती. पान हातात धरून म्हणाली, "ही काय गं खाडाखोड?" मी म्हटलं, सिस्टरांचं चुकलं असंल काहीतरी. ती म्हणाली, "व्हय, रात्रपाळीला झोपंत लिहित्यात." आणि फाईल परत कपाटात ठेवली.