सहा मिनिटं

त्या दिवशी मला उड्डाण नव्हतं. युनिफॉर्म चढवून अंधेरीच्या ऑफिसात बसायचं आणि फर्स्ट ऑफिसरच्या, म्हणजे को-पायलटच्या, जागेसाठी आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घ्यायच्या, अशी ड्यूटी लागली होती. जुलै महिना होता. पाऊस असा लागला होता की खिडकीतून पलीकडची इमारत दिसत नव्हती. पॅनेलवर आम्ही तिघं: ट्रेनिंगमधले एक ज्येष्ठ कॅप्टन, एचआरची एक मुलगी आणि मी. उमेदवार नऊ. सगळे लेखी परीक्षा आणि सिम्युलेटर पार करून आलेले, म्हणजे विमान उडवता येतं का हा प्रश्न मिटलेला. राहिलं होतं ते एवढंच, की अडचणीत हा माणूस विचार कसा करतो. त्यासाठी सिनॅरिओचे प्रश्न. मुलाखत अर्थातच इंग्रजीत होते, इथे मी ती मराठीत सांगते आहे.

काही प्रश्न ठरलेलेच असतात. ब्रीफिंगला आलेल्या कॅप्टनच्या तोंडाला दारूचा वास येतोय, काय कराल? नियम सगळ्यांना पाठ होता. उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य. ब्रेथ अ‍ॅनलायझरमध्ये पहिल्यांदा सापडलं तर लायसन्स ३ महिने निलंबित, दुसऱ्यांदा ३ वर्षं. सकाळच्या पाच जणांपैकी चौघांनी ठामपणे सांगितलं, थेट डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, कळवू. आधी त्यांना बाजूला घेऊन ‘सर, आज तुम्ही उडू नका’ असं म्हणेन, ते विमानापर्यंत पोचणार नाहीत एवढं पाहीन आणि मग कंपनीला कळवीन, हे एकाच मुलीने सांगितलं. तो वास माउथवॉशचाही असू शकेल, हेही तिलाच सुचलं.

दुसरा प्रश्न अस्थिर अप्रोचचा, म्हणजे वेग-उंची बसत नसताना उतरत राहण्याचा. जमीन ५०० फुटांवर आहे, वेग जास्त आहे, तुम्ही ‘गो अराउंड’ (उतरू नका, पुन्हा वर चला) म्हणालात आणि कॅप्टन तसाच खाली चाललाय. इथे प्रत्येक जण मंगळूरचा विमान अपघात सांगतो. २२ मे २०१०, १५८ मृत्यू, को-पायलटने तीनदा ‘गो अराउंड’ म्हटलं होतं. सगळं बरोबर. मग म्हणतात, मी कंट्रोल्स घेईन. मी विचारते, कधी? ५०० फुटांवरून धावपट्टीपर्यंत साधारण ४० सेकंद असतात. त्यातली किती तुमच्या पहिल्या दोन वाक्यांत गेली? हा हिशेब कोणी करून आलेलं नसतं.

आणि मग ‘डोडार’, अडचणीत टप्प्याटप्प्याने निर्णय घेण्याची पद्धत. डायग्नोज, ऑप्शन्स, डिसाइड, असाइन, रिव्ह्यू. चांगली पद्धत आहे, आम्हीही वापरतो. काही ठिकाणी तिच्याआधी ‘टी’ लावतात, टाइमचा: पहिल्यांदा बघ, वेळ किती आहे. पण क्लासमधून तयारी करून आलेली मुलं ही पाच अक्षरं स्तोत्रासारखी म्हणतात आणि म्हणून झाली की हायसं वाटल्यासारखा चेहरा करतात. मला त्यांचा राग येत नाही. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात घेऊन दोन-तीन वर्षं घरी बसलेल्या, आईबापांनी कर्ज काढलेल्या मुलाने पाठ करून यायचं नाही तर काय करायचं?

माझा स्वतःचा एक प्रश्न आहे. तो मी एका कागदावर लिहून देते. दिल्लीहून पुण्याला आला आहात. वेळ १३:४० यूटीसी (वैमानिक जगभर वापरतात ती वेळ), म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, उतरताना एका लढाऊ विमानाचा टायर फुटला, धावपट्टी बंद. कंट्रोलर म्हणतो, १५ मिनिटं लागतील. टाकीत ३,९०० किलो इंधन. पर्यायी विमानतळ मुंबई, तिथवर जायला १,५०० किलो. ज्याला हात लावायचा नाही तो शेवटच्या ३० मिनिटांचा साठा १,१५० किलो. घिरट्या घालताना मिनिटाला ४० किलो जातं. कॅप्टन म्हणतो, थांबू. तुम्ही फर्स्ट ऑफिसर आहात.

बेरीज-वजाबाकी सोपी आहे. १,२५० किलो जादा, म्हणजे ३१ मिनिटं. सांगितलीत पंधरा, मग थांबायला काय हरकत आहे? त्या दिवशी पहिल्या आठांपैकी सहा जणांनी हेच उत्तर दिलं. दोघांनी सांगितलं, लगेच मुंबईला जाऊ. का, ते त्यांना सांगता आलं नाही.

हा प्रश्न माझ्या हातून घडला आहे.

कमांड मिळायच्या, म्हणजे मी कॅप्टन व्हायच्या, दोन वर्षं आधीची गोष्ट. पावसाळाच होता, आकडेही जवळजवळ हेच. होल्डमध्ये, म्हणजे घिरट्यांत, शिरताच मी एसीएआरएसवर (विमानातून मजकूर पाठवायची यंत्रणा) कंपनीकडे मुंबईची स्थिती मागितली. कॅप्टन तेव्हा प्रवाशांना उशिराचं कारण सांगत होते. उत्तर प्रिंटरमधून बाहेर आलं: मुंबईला जोरदार पाऊस, होल्ड २५ मिनिटं. मी पेन्सिलीने फ्लाइट प्लॅनच्या मागे मांडलं. २५ मिनिटं म्हणजे १,००० किलो. १,२५० मधून ते गेले की उरतात २५०. पुण्यावर थांबायला मिनिटं सहा.

तो कागद मी आमच्या दोघांच्या मध्ये पेडेस्टलवर ठेवला. वाचून दाखवला नाही.

का, ते मी स्वतःला किती वेळा विचारलंय. कॅप्टन रागीट नव्हते. उलट ज्यांच्याबरोबर उडायला मिळावं असं सगळ्यांना वाटायचं, अशांपैकी ते होते. मला वाटलं, कागद समोर आहे, इंधनाचा आकडा समोर आहे, दहा हजार तास उडालेल्या माणसाला मी काय सांगायचं? त्याच महिन्यात मी सीआरएमच्या, म्हणजे कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी बोलून काम करण्याच्या, वर्गात अमेरिकेतल्या पोर्टलंडचा अपघात शिकून आले होते. २८ डिसेंबर १९७८, डीसी-८. लँडिंग गिअरच्या शंकेपायी तासभर घिरट्या घातल्या, इंधन संपलं, विमान उपनगरात कोसळलं, १० माणसं गेली. फ्लाइट इंजिनिअरला इंधन दिसत होतं. तो बोललाही होता, पण कॅप्टनला हलवील असं बोलला नव्हता. सीआरएमचं प्रशिक्षण त्या अपघातानंतरच उभं राहिलं. वर्गातल्या चाचणीत मला पैकीच्या पैकी गुण होते.

सहा मिनिटं संपली. कंट्रोलर म्हणाला, अजून १५. आम्ही एकूण १८ मिनिटं थांबलो. मग कॅप्टन स्वतःच म्हणाले, चल, मुंबई. मुंबईने २० मिनिटांचा होल्ड सांगितला तेव्हा आमच्याकडे होल्डसाठी फक्त १३ मिनिटांचं इंधन होतं. आम्ही ‘मिनिमम फ्युएल’ जाहीर केलं. हा शब्द म्हणजे अग्रक्रमाची मागणी नव्हे. तो कंट्रोलरला एवढंच सांगतो की आता आणखी उशीर झाला तर आम्ही राखीव साठ्यात शिरू. त्याच्या पुढची पायरी ‘मेडे फ्युएल’, म्हणजे थेट आणीबाणी. १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ एक बोइंग ७०७ इंधन संपून पडलं आणि ७३ जण गेले. त्या वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ म्हटलं होतं, ‘इमर्जन्सी’ हा शब्द कंट्रोलरशी बोलताना त्यांनी वापरलाच नव्हता. २०१२ पासून हे शब्द जगभर नेमके ठरवून दिले आहेत, म्हणून त्या रात्री मला काय म्हणायचं ते माहीत होतं. अकरा मिनिटांनी आमचा नंबर लागला. उतरलो तेव्हा टाकीत १,२४० किलो होतं. राखीव साठ्याच्या वर ९० किलो, म्हणजे दोन मिनिटं आणि थोडे सेकंद. कागदावर सगळं नियमात. प्रवाशांची तक्रार एवढीच की पुण्याला बसने जावं लागणार.

इंजिनं बंद झाल्यावर कॅप्टनना तो कागद दिसला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला.

“हे कधी काढलंस?”

“होल्डमध्ये, सर. सुरुवातीलाच.”

“मला मुंबईचा होल्ड माहीतच नव्हता गं. तू गप्प होतीस म्हणून मी धरून चाललो की ठीक आहे.”

आवाज चढला नव्हता. त्यांनी माझ्या गप्प बसण्याला होकार समजलं होतं आणि मी त्यांच्या गप्प बसण्याला. एका मीटरच्या अंतरावर बसून.

तर त्या जुलैतल्या मंगळवारी नववा उमेदवार आला. तासगावकडचा, वडिलांची द्राक्षबाग. तीन वर्षं थांबला होता. कोट भाड्याचा किंवा मित्राचा असावा, खांद्यावर सैल होता. दारूच्या प्रश्नाला त्याने साधारण उत्तर दिलं, अस्थिर अप्रोचला मंगळूर सांगितलं. मी कागद पुढे केला. तो वाचून बराच वेळ काही बोलला नाही. एचआरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला,

“मॅडम, मुंबईला पाऊस आहे का?”

सकाळपासून कोणीही हे विचारलं नव्हतं. खिडकीबाहेर मुंबई धो धो वाहत होती.

“आहे.”

“मग होल्ड किती आहे?”

“पंचवीस मिनिटं.”

त्याने खिशातून पेन काढलं, मांडलं, एकदा चुकला, खोडलं, पुन्हा मांडलं. “सहा मिनिटं,” म्हणाला आणि स्वतःच चपापला.

आमचे ज्येष्ठ कॅप्टन अशा वेळी कॅप्टनची भूमिका करतात आणि चांगली करतात. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “मला दिसतंय इंधन. पंधरा मिनिटांत रनवे उघडतोय. थांबू.”

इथे मुलं एकतर मिटतात किंवा आवाज वाढवतात. याने कागद त्यांच्याकडे वळवला, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “सर, मुंबईचा होल्ड धरला तर १३:४६ पर्यंत थांबता येतं. १३:४६ ला रनवे उघडला नसेल तर निघायचं, चालेल?”

ज्येष्ठ कॅप्टन काही क्षण बोलले नाहीत. मग भूमिकेतच राहून म्हणाले, “आणि मी नाही म्हणालो तर?”

“तर मुंबईचा होल्ड कमी झालाय का ते विचारतो, सर. झाला असेल तर वेळ पुढे सरकेल. नसेल तर १३:४६ ला मी पुन्हा बोलेन. तेव्हा मी ‘डायव्हर्ट’ असा शब्द वापरीन.”

मी इतकी वर्षं तो प्रसंग मनात फिरवला होता. मी काय बोलायला हवं होतं, याची किती वाक्यं बनवली होती. सगळी कॅप्टन चुकताहेत हे सांगणारी. म्हणून ती त्या रात्रीही तोंडातून निघाली नसती. घड्याळातली एक वेळ दोघांच्या मध्ये ठेवायची आणि तिच्यावर दोघांनी हो म्हणायचं, हे मला सुचलं नव्हतं. कॅप्टनचा ‘थांबू’ही त्यात राहतो, आणि विमान वेळेवर निघतं.

त्याच्या उत्तरात चुका होत्या. केबिन क्रूला काय सांगायचं ते तो विसरला. मुंबई इतकी भरलेली असताना हैदराबाद किंवा अहमदाबादला पुरेल का, हेही त्याने तपासलं नाही. ३,९०० किलोत ते जवळजवळ लगेचच ठरवावं लागलं असतं. मी तसं त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, “मॅडम, हे खरंच घडलं होतं का?”

पॅनेलने उमेदवाराच्या प्रश्नांना असं उत्तर देण्याची पद्धत नाही. मी दिलं. पेडेस्टलवरचा कागद, १८ मिनिटं, ९० किलो, सगळं. ज्येष्ठ कॅप्टन ते पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याची निवड झाली की नाही, हे इथे सांगणं योग्य नाही. पण तयारीसाठी मला फोन करणाऱ्यांना आता मी एकच अभ्यास देते. कुठलाही सिनॅरिओ घ्या, आधी त्यातली मिनिटं काढा. मग आपल्याला काय माहीत नाही ते विचारा. मग ते वाक्य मोठ्याने म्हणा, घरात, कोणाच्या तरी तोंडावर, समोरचा ‘मला माहीत आहे’ म्हणत असताना. वाक्य डोक्यात तयार असणं आणि ते ओठांवर येणं यांत अंतर किती, हे तेव्हाच कळतं. २०० तासांच्या अनुभवात एअरलाइनचे किस्से नसतात, त्याची लाज नको. सोलो क्रॉस-कंट्रीला, म्हणजे प्रशिक्षणातल्या लांबच्या उड्डाणात, छोट्या सेसना विमानात एकट्याने घेतलेला निर्णय सांगा. त्यात तुम्ही असता.

त्या मुलाखतींच्या दुसऱ्या दिवशी मला नागपूर–मुंबई होतं. रात्र, पाऊस, आणि मुंबईच्या आधी होल्ड. शेजारी दोन वर्षं झालेला फर्स्ट ऑफिसर, शांत, हुशार मुलगा. दुसरी फेरी चालू असताना मी म्हटलं, “आपण किती वाजेपर्यंत थांबू शकतो, काढतोस का जरा?”

“काढलंय, मॅडम. १६:०८.”

“कधी काढलंस?”

“होल्डमध्ये शिरताना.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्हाला माहीत असेल असं वाटलं.”

घड्याळात १६:०३ यूटीसी झाले होते. मी त्याला अहमदाबादचं हवामान मागवायला सांगितलं, आणि आलं की वाचून दाखव म्हटलं, मोठ्याने.