कोळसा संपला, गाव राहिलं: ड्रमहेलर

कॅल्गरीहून ईशान्येला निघालं की दीड तास नजर अडेल असं काही लागत नाही. दोन्ही अंगांना गहू आणि कॅनोला, मधेच एखादं धान्याचं उंच कोठार, आणि वर एवढं मोकळं आभाळ की लांबच्या गावावर पडणारा पाऊसही इथून दिसतो. आणि एकाएकी रस्ता उतरणीला लागतो. सपाट जमीन मधोमध फाटलेली दिसते. राखाडी, तपकिरी, पांढुरक्या पट्ट्यांचे कडे, खाली रेड डियर नदी, आणि नदीकाठी आठेक हजार वस्तीचं ड्रमहेलर. अल्बर्टा प्रांतातलं हे गाव मला कॅनडात सगळ्यात जवळचं वाटतं. त्याचं कारण चंद्रपूर आहे.

माझं बालपण चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यात गेलं. बाबा भूमिगत खदानीत होते. पहिल्या पाळीला जाताना ते पहाटे घर सोडायचे, आणि आई दुपारी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. त्यामुळे ड्रमहेलरच्या कड्यात पहिल्यांदा काळी आडवी रेघ दिसली, तेव्हा ती कशाची आहे हे मला कोणी सांगावं लागलं नाही. इथे कोळशाचे थर उघड्यावर, डोळ्यांच्या उंचीला दिसतात. गेल्या उन्हाळ्यात बाबा आले, तेव्हा सगळ्यात आधी त्यांना त्या रेघेपाशीच नेलं. त्यांनी अंगठ्याने कोळसा चोळून पाहिला आणि म्हणाले, “आपल्यापेक्षा कच्चा आहे हा. हातात भुगा होते.”

त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडचा गोंडवानाचा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, तर इथला सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा इथे एका उथळ अंतर्गत समुद्राचा किनारा होता. नद्यांची मुखं, दलदल, दाट झाडी. झाडी कुजून, दबून कोळसा झाली. चिखलात मेलेल्या प्राण्यांची हाडं गाळाखाली गेली. पुढे हिमयुग सरताना वितळलेल्या पाण्याच्या लोंढ्यांनी ही दरी कापून काढली, आणि कोळसा व हाडं दोन्ही एकाच भिंतीत उघडी पडली.

म्हणूनच दोन्हींचा शोध एकाच माणसाच्या नावावर आहे. कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा जोसेफ बर टिरेल १८८४ साली या दरीत कोळशाचे साठे नोंदवायला आला होता. वय २५. ऑगस्टमध्ये कड्यात त्याला एका मांसाहारी डायनासोरची कवटी सापडली. १९०५ मध्ये तिचं नामकरण अल्बर्टोसॉरस असं झालं. त्याच वर्षी अल्बर्टा हा प्रांत झाला. अर्थात इथल्या मूळ रहिवाशांना ही हाडं फार आधीपासून ठाऊक होती. पीगन लोक ती बायसनच्या पूर्वजांची मानत, अशी एकोणिसाव्या शतकातली नोंद आहे.

हाडं थांबली, कोळसा आधी निघाला. १९११ मध्ये खाणी सुरू झाल्या, पुढच्या वर्षी रेल्वे आली. त्यानंतरच्या काळात या दरीत १३९ खाणींची नोंद झाली. ब्रिटन, हंगेरी, पोलंड, युक्रेन, इटली, कुठून कुठून माणसं आली. प्रेअरीवरच्या, म्हणजे या सपाट गवताळ मैदानांवरच्या, हजारो घरांच्या चुली आणि शेगड्या या कोळशावर पेटत. १९४७ मध्ये एडमंटनजवळ लेडुकला तेल लागलं, घराघरांत नैसर्गिक वायू आला, आणि खाणी एकेक करून मिटल्या. शेवटची अ‍ॅटलास १९७९ मध्ये बंद झाली.

अ‍ॅटलास ईस्ट कूली या वस्तीजवळ आहे आणि आता ती संग्रहालय म्हणून जपली आहे. तिथला टिपल, म्हणजे कोळसा चाळून, प्रतवारी करून वाघिणींत भरायची इमारत, सात मजली आणि पूर्ण लाकडी. कॅनडात असा लाकडी टिपल हा एकच उरला आहे. आत शिरल्यावर बाबांनी माहिती सांगणाऱ्या मुलीला सारखं थांबवलं. पट्ट्यावरून येणाऱ्या कोळशातून दगड हाताने वेचत ती जागा त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिली. मग खिळ्यांवर टांगलेले पितळी बिल्ले आले. प्रत्येक खाणकामगाराचा आकडा ठरलेला, भरलेल्या प्रत्येक डब्याला तो आपला बिल्ला अडकवायचा, वर वजन व्हायचं आणि त्यावर मजुरी. बाबांना इंग्रजी जेमतेम येतं. मी भाषांतर करायच्या आत त्यांना बिल्ल्याचा अर्थ कळला होता. त्यांनी मुलीला विचारायला लावलं, छत धरायला लाकडी खांब लावत की लोखंडी? ती म्हणाली, लाकडी, कारण लाकूड मोडण्याआधी करकरतं आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. बाबा एवढंच म्हणाले, “आमच्याकडंही तेच. खदान आधी बोलते.” मी त्यांची मुलगी, पण त्यांच्या कामाबद्दल इतकं मी घरी कधी ऐकलं नव्हतं.

कोळशामागोमाग गावही संपलं असतं. खाणींवर उभ्या राहिलेल्या गावांचं बहुधा तसंच होतं, ईस्ट कूलीतही आता मोजकीच घरं आहेत. ड्रमहेलर मात्र त्याच कड्यांवर दुसऱ्यांदा उभं राहिलं. १९८५ मध्ये टिरेलच्या नावाने इथे जीवाश्मांचं संग्रहालय उघडलं. आज जगातल्या नामवंत संग्रहालयांत त्याची गणना होते. अख्खे सांगाडे तर आहेतच, पण मला खिळवून ठेवते ती काचेमागची कार्यशाळा. तिथे एक बाई दातांच्या डॉक्टरकडच्यासारखं बारीक हत्यार घेऊन एका हाडावरचा दगड कणाकणाने उतरवत असते. बराच वेळ बघत राहिलं तरी नखाएवढीच जागा मोकळी झालेली असते.

कायदाही कडक आहे. अल्बर्टात सापडलेला जीवाश्म प्रांताच्या मालकीचा, मग तो तुमच्या शेतात का सापडेना. परवान्याशिवाय खणता येत नाही, परवानगीशिवाय प्रांताबाहेर नेता येत नाही. इथली शाळकरी पोरंसुद्धा हाड आणि दगड यांतला फरक सांगतात: जिभेचं टोक लावा, चिकटलं तर हाड. हाडाची छिद्रं ओलावा ओढून घेतात.

गावाच्या आसपास पाहायला पुष्कळ आहे. आग्नेयेला हूडू नावाचे वालुकाश्माचे खांब, डोक्यावर कठीण दगडाची टोपी असलेले. टोपी पडली की पावसात खांब झिजून जातो. वेन नावाच्या वस्तीकडे जाताना रोझबड नदी अकरा वेळा ओलांडावी लागते. नदीच्या वरच्या अंगाला ब्लेरियो फेरी आहे, म्हणजे तारेच्या आधाराने नदी ओलांडणारी नाव. १९१३ पासूनची, फुकट, नदी गोठेपर्यंत चालणारी. इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्या लुई ब्लेरियोच्या भावाच्या नावाची. मात्र पाऊस पडून गेल्यावर कड्यांवर चढू नका. मातीत ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली बेंटोनाइट चिकणमाती असते. कोरडी असताना तिचा पृष्ठभाग लाह्यांसारखा फुललेला आणि टणक, ओली झाली की पाय ठरत नाही. नदीचंही तसंच. ऑगस्टमध्ये ती निवांत, मातकट असते; जूनमध्ये रॉकी पर्वतातलं बर्फ आणि पाऊस एकदम आले तर भरून येते. वरच्या अंगाला १९८३ पासून धरण आहे, तरी २००५ मध्ये लोकांना घरं सोडावी लागली होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. चंद्रपूर जिल्ह्यातही डायनासोर आहेत. डोंगरगावच्या टेकडीत सापडलेल्या लांब मानेच्या प्राण्याचं वर्णन सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. आज तो आयसीसॉरस म्हणून ओळखला जातो. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याच्या शेतांत हाडांचे तुकडे आणि डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. त्या विष्ठेत गवतातल्या सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, तांदळाच्या आणि बांबूच्या कुळाशी नातं असलेल्या गवतांचे, असं २००५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच, असं समजलं जाई. पृथ्वीवरच्या साऱ्या गवताळ प्रदेशांचा, या प्रेअरीचासुद्धा, इतिहास सांगताना पिसदुऱ्याचं नाव घ्यावं लागतं. मला हे कळलं ते कॅनडात आल्यावर. भातशेती आणि बांबूच्या जिल्ह्यात दहावीपर्यंत शिकूनही शाळेत कोणी हे सांगितलं नव्हतं. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान झालं आहे, याचा फार आनंद आहे. तेवढंच लक्ष पिसदुऱ्याकडे आणि डोंगरगावकडेही जायला हवं. खाणी आज चालू आहेत, तोवरच.

बाबा परत गेल्यावर पिसदुऱ्याला जाऊन आले. शेतकऱ्याला विचारून बांधावरचे दगड पाहिले, फोटो काढले, उचललं काही नाही. तिथल्या शाळेत जाऊन बोलायचं त्यांनी ठरवलं आहे. त्यासाठी टिरेल म्युझियममधल्या फोटोंखाली मी मराठीत माहिती लिहून पाठवते आहे. वरोऱ्याकडचे कोणी शिक्षक हे वाचत असतील तर जरूर कळवा, तुम्हालाही पाठवीन.