आमची वाटचाल : सुट्या अक्षरांकडून शब्दाकडे

नाशिकमध्ये आम्ही पहिलीच्या मुलांसाठी वाचनाची कार्डे बनवतो. पहिला संच वर्णमालेच्या क्रमाने होता, प्रत्येक अक्षरावर चित्र. मुलांना तो पाठ झाला, वाचन काही आले नाही. ‘बस’ पुढे ठेवले की ‘ब बदकाचा, स सशाचा’ म्हणून मूल थांबायचे. चित्र आवाजाच्या आड येत होते. आता ते कार्डाच्या मागे असते.

क्रमही बदलला. सुरुवात ब, स, म, ग, न, र, घ या सातांनी. एवढ्यात बस, घर, रस, गरम, मगर होतात. काना दिला की मामा, नाग, घास, मासा. भ, ध, व मुद्दाम लांब ठेवले, कारण म-भ, घ-ध, ब-व एकत्र आले की गोंधळ ठरलेला.

जोडणी अशी : दोन कार्डे वीतभर अंतरावर ठेवा. पहिल्याखाली बोट धरून ‘बऽऽऽ’ म्हणत, श्वास न तोडता, बोट दुसऱ्यापर्यंत न्या आणि ‘स’ आखूड म्हणा. मग कार्डे चार बोटांवर, मग अगदी चिकटवून. श्वास तुटला की शब्द तुटतो. शेवटचे अक्षरही लांबवले तर ‘बऽसऽ’ होते आणि त्यात मुलाला रोजची बस ओळखू येत नाही. मराठीत शेवटचा ‘अ’ लिहिण्यात असतो, बोलण्यात नसतो. ही गोष्ट समजावू नये, तोंडाने करून दाखवावी.

आमची मोठी चूक घडीच्या पट्टीत झाली, म्हणजे घडी उघडत शब्द वाचायच्या पट्टीत. तीन अक्षरी शब्दाची घडी आम्ही दोन अक्षरांनंतर घातली होती. मूल आधी ‘गर’ वाचायचे, घडी उघडली की ‘गर-म’. ‘गर’मधला र आखूड, ‘गरम’मधला पूर्ण, आधी जुळलेले पुन्हा मोडावे लागे. आता घडी पहिल्या अक्षरानंतर : ग-रम, म-गर. चार अक्षरी शब्द मात्र मधोमध : सर-बत, कर-वत. बोलताना तो तसाच तुटतो.

ऱ्हस्व वेलांटीचे सुटे कार्ड बंद केले. ती कागदावर आधी येते, तोंडात नंतर. म्हणून ‘दि’, ‘कि’ अक्षरासकट छापतो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले दोन च शेवटच्या टप्प्यात येतात.

पेठ, सुरगाणा या तालुक्यांतल्या पाड्यांवर घरची बोली वेगळी. जुळलेला शब्द कानाच्या ओळखीचा नसेल, तर बरोबर वाचूनही मुलाला ते कळत नाही. त्यासाठी संचात दहा कोरी कार्डे असतात. गुरुजींनी, बाईंनी तिथले शब्द त्यांवर लिहावेत. बाकीच्या कार्डांना मॅट लॅमिनेशन असते, चकाकीत अक्षर दिसत नाही. कोऱ्यांना ग्लॉसी, म्हणजे मार्कर पुसता येतो.