आई, मटार आणि रूपॉल

आज लोकलने जीव काढला. दादरला घरी पोचले तर साडेनऊ. ताट घेऊन 'रूपॉल्स ड्रॅग रेस'चा, म्हणजे बाईच्या भडक वेशात नटणाऱ्या कलाकारांच्या अमेरिकन टीव्ही-स्पर्धेचा, एक भाग लावला आणि आई मटार सोलत शेजारी येऊन बसली. म्हटलं, आता प्रवचन! तर बाईसाहेब चष्मा पुसून बघायलाच लागल्या.

मेकअपच्या आरशापुढे एक जण ग्लू-स्टिकने भुवया चिकटवून सपाट करत होता. त्यावर पावडर, मग वर कपाळात नवी भुवई. आईच्या हातातली शेंग अर्धीच उघडलेली.

"शाळेतला डिंक गं तो?"

"तोच."

"पुरुषच ना?"

"हो."

"मग काय! बालगंधर्वांचं बघून बायका साड्या नेसायच्या, आजी सांगायची."

मी गप्प. हा कार्यक्रम 2009पासूनचा, नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, त्याच्या शंभर वर्षं आधीचे. फरक आहे म्हणा. गंधर्वांपुढे प्रेक्षक पुरुष विसरायचा, इथे तो विसरू द्यायचाच नसतो, सगळं मुद्दाम दुप्पट. पण हे आईला कोण सांगणार? तेवढ्यात भागाच्या शेवटी तळाला राहिलेल्या दोघी स्पर्धक एकाच गाण्यावर ओठ हलवत जीव तोडून नाचल्या, एक घरी गेली.

आई चिडली. "हिरव्या झग्यावालीला का काढलं? परीक्षकांना डोळे आहेत का?"

आत्ता झोपायला जाताना बजावून गेलीय, पुढचा भाग माझ्याशिवाय लावलास तर बघ.