हजर २९६

आप्पांना घेऊन उत्तर इंग्लंडला निघाले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त हेड्रियनची भिंत होती. रोमनांनी इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली, ११७ किलोमीटर लांब. भिंतीच्या कडेने दहा किलोमीटर चालायचा बेत मी घरूनच आखून आणला होता. पण हेक्सहॅमहून बसने पोचलो तर ऐन मे महिन्यात असा वारा, की आप्पांची कानटोपी दोनदा उडाली. चौऱ्याहत्तरीच्या माणसाला एवढं चालवायचं माझ्या मनात आलं तरी कसं, याची आता लाज वाटते. भिंत राहिली. तिच्या दक्षिणेला मैलभरावर असलेल्या विंडोलँडाच्या रोमन ठाण्यातच आख्खा दिवस गेला.

तिथल्या संग्रहालयात चामड्याचे जोडे आहेत, सैनिकांचे, बायकांचे, पोरांचेसुद्धा. ओल्या, हवाबंद मातीने ते एकोणीसशे वर्षं सांभाळले. त्याच मातीतून १९७३ साली लाकडाच्या ढलप्या निघाल्या. पोस्टकार्डाएवढ्या, बोटात धरल्या तर मोडतील इतक्या पातळ, आणि त्यांवर काजळीच्या शाईने लिहिलेलं. बऱ्याचशा लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इथे मोजक्या, मंद उजेडात काचेआड. एका पत्रात मोजे आणि चड्ड्यांचे दोन जोड पाठवल्याचं कळवलंय. ते ऐकून आप्पा काचेसमोरून हलेनात. फौजेत असताना आजीने विणलेले मोजे त्यांनाही पार्सलने यायचे.

बाहेर बराकींच्या जोत्यावर बसून मी मोबाईलवर आणखी एका ढलपीचा मजकूर काढला. १८ मे, इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरचा. पहिली तुंग्रियन कोहॉर्ट, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या माणसांची पलटण. कमांडर ज्युलियस व्हेरेकुंडस.

"नफरी किती?" आप्पांनी विचारलं.

"७५२. त्यात सहा सेंच्युरियन, म्हणजे तुकडीप्रमुख."

"हजर?"

"२९६."

"मग बाकीचे ४५६ कुठं?" मी वाचायच्या आत त्यांनी वजाबाकी केली होती.

३३७ जण कोरियाला, म्हणजे शेजारच्या कॉर्ब्रिजला. ४६ गव्हर्नरच्या पहाऱ्यावर. एक सेंच्युरियन लंडनला. असे विखुरलेले.

"परेड स्टेट आहे ही," आप्पा म्हणाले. कंपनी हवालदार मेजर म्हणून ते रोज सकाळी हेच लिहायचे. रजेवर किती, टेम्पररी ड्यूटीवर किती, दवाखान्यात किती. "सिक कोण कोण?"

आजारी १५. जखमी ६. डोळे आलेले १०.

म्हणजे हजर असलेल्यांतले धडधाकट २६५.

"डोळे आलेले वेगळे लिहिलेत?" त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग जे बोलले ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. एकाहत्तर साली पूर्वेच्या सरहद्दीवर त्यांच्या तंबूतल्या सगळ्यांचे डोळे आले होते. 'जय बांगला' म्हणायचे त्या साथीला. सकाळी पापण्या चिकटलेल्या, कोमट पाण्याने एकमेकांच्या सोडवायच्या. वीस वर्षांचं पोर, नेम धरायला जावं तर समोर पाणीच पाणी. "घरी कळवलं नाही. आई घाबरली असती."

रोमन फौज म्हटलं की ढालीला ढाल लावून उभ्या रांगाच मला दिसायच्या. रचना तशी होतीच. आठ जणांची एक खोली, अशा दहा खोल्या मिळून ८० जणांची सेंच्युरी, वर एक सेंच्युरियन. पण त्या दिवशी त्या ठाण्यात सहांपैकी एकच सेंच्युरियन हजर होता. "एकट्यावर सगळं," आप्पा म्हणाले. "त्याला रात्री झोप कशी लागायची?"

याच तुंग्री लोकांच्या दोन कोहॉर्ट त्याआधी दहाएक वर्षांपूर्वी स्कॉटलंडातल्या मॉन्स ग्रॉपियसच्या लढाईत होत्या. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो, बटाव्हियन (आजच्या नेदरलँड्सकडचे) आणि तुंग्रियन पुढे घातले. ढालीचा मधला लोखंडी उंचवटा तोंडावर हाणायचा आणि आखूड तलवार भोसकायची. रोमन नागरिकांच्या लीजन, म्हणजे मुख्य पलटणी, मागे राखीव. रोमन रक्त न सांडता जिंकलं तर मान मोठा, हेही तोच लिहितो. मला हे वाचून संताप येतो. आमच्या गावच्या चावडीतही १९१४ च्या लढाईचा दगड आहे, या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकाचंही नाही.

उपाहारगृहातल्या बाईंनी न मागता आप्पांच्या थर्मासात गरम पाणी भरून दिलं. बसला वेळ होता. आप्पा परत बराकीत गेले, एका खोलीच्या जोत्यात उभे राहिले आणि आठ जणांची अंथरुणं कशी बसतील ते पावलांनी मोजू लागले. "डोळे आलेल्यांना दाराकडं झोपवायचं," म्हणाले, "सकाळी पाणी आणायला जवळ पडतं."