तुम्ही विचारलंत म्हणून : दुर्बीण न घालता कळणार नाही का?

आतड्याच्या जुनाट सुजेचे, म्हणजे क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. हृदयाचे रुग्ण तोच प्रश्न अँजिओग्राफीबद्दल विचारतात. ज्यांना दोन्ही दुखणी आहेत ते तर कावलेले असतात.

उत्तर असं, की पुष्कळदा कळतं. मात्र 'आजार कोणता आहे' आणि 'ठरलेला आजार आत्ता कितपत शांत आहे' हे दोन प्रश्न निराळे आहेत. आतड्याच्या बाबतीत पहिल्यासाठी दुर्बीण आणि बायॉप्सीचा तुकडा सहसा टळत नाही. दुसऱ्यासाठी मात्र दर वेळी दुर्बीण घालणं अनावश्यक असतं.

तिथे सगळ्यात कामाची तपासणी म्हणजे शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये हे प्रथिन ठासून भरलेलं असतं. आतड्याच्या अस्तराला सूज आली की या पेशी आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि प्रथिन शौचातून बाहेर पडतं. ढोबळमानाने ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत असेल तर सूज असण्याची शक्यता कमी आणि २५०च्या वर गेलं तर सूज जागी असण्याची शक्यता बरीच. मधला पट्टा गोंधळाचा. त्या पट्ट्यातल्या एका आकड्यावर औषध बदलू नये. काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं.

घोळ बहुतेक वेळा लॅबच्या आधीच होतो. नमुना सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्यावा, कारण दिवसभरात आकडा बराच खालीवर होतो. आधी लघवी उरकून घ्यावी, कमोडवर प्लास्टिक ताणून लावावं आणि पाण्याचा स्पर्श न झालेल्या भागातून, दोन-तीन ठिकाणांहून, डबीच्या चमच्याने थोडं थोडं उचलावं. डबी त्याच दिवशी पोचवावी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी. कोलोनोस्कोपी ठरलेली असेल तर जुलाबाचं औषध घेण्याआधीच नमुना द्यावा. शौच अगदी पाण्यासारखं असेल तर तसं लॅबला सांगावं. अनेक किटमध्ये खाचा असलेली काडी नमुन्यात बुडवतात. त्या खाचांत ठरलेलं वजन बसेल असं गृहीत असतं. पातळ नमुना खाचांत टिकत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो.

आकडा फुगवणाऱ्या गोष्टीही आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, जंतुसंसर्ग, अ‍ॅसिडिटीवरच्या काही गोळ्या. वेदनाशामक गोळ्या चालत असतील तर डॉक्टरांना विचारून साधारण दोन आठवडे थांबवून मग तपासणी करणं बरं. पण इथे एक गोष्ट ठासून सांगतो : हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, विशेषतः स्टेंट बसवलेला असेल तर. आकडा थोडा जास्त आला तर येऊ दे, फॉर्मवर 'अ‍ॅस्पिरिन चालू' लिहा, पुरे.

आणि लॅब बदलू नका. एकाच नमुन्यावर दोन कंपन्यांची किटं काही पटींचा फरक दाखवू शकतात, त्यामुळे इथला १८० आणि तिथला ४०० यांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. आजार फक्त लहान आतड्यात असेल तर हा आकडा मुळातच कमी बोलतो. अशा वेळी एमआर एन्टेरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) किंवा आतड्याची सोनोग्राफी. सोनोग्राफीत आतड्याची भिंत ३ मिलिमीटरपेक्षा जाड दिसली आणि तिच्यात डॉपलरवर रक्तप्रवाह वाढलेला असला, तर सूज चालू आहे असं धरतात. गुदाशय मात्र ओटीपोटात खोल असल्यामुळे पोटावरून नीट दिसत नाही.

आता हृदय. दम लागतोय, पावलं सुजतायत, अशा वेळी रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की वाढणारं प्रथिन. एरवी बाह्यरुग्ण विभागात १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी. नाही म्हणायला ही तपासणी उत्तम, हो म्हणायला तितकी नाही. वय, किडनीचा आजार, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) यांनी आकडा वाढतो, लठ्ठपणात कमी येतो. हार्ट फेल्युअरवरची सॅक्युबिट्रिल असलेली गोळी चालू असेल तर साधं बीएनपी (याच्याच जोडीची तपासणी) करू नये, कारण ते मोडणारं एन्झाइमच ही गोळी अडवते. एनटी-प्रोबीएनपीला तो त्रास नाही.

टू-डी एकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, पंपिंग ५५ टक्क्यांवरून ५० झालं म्हणून घाबरून फोन येतात. पाचाचा फरक दोन तपासणाऱ्यांच्या नजरेतलाही असू शकतो. लक्षणं आणि आधीची चित्रं शेजारी ठेवूनच बोलावं.

टीएमटीत, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात त्या तपासणीत, २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी पोचायला हवी. नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असताना ती पोचत नाही आणि रिपोर्ट 'अनिर्णित' येतो. गोळी थांबवायची का, हे तपासणी सांगणाऱ्यालाच विचारा. आतड्यातून रक्त जाऊन हिमोग्लोबिन खूप उतरलेलं असेल तर आधी ते सावरावं, कारण अ‍ॅनिमियातही ईसीजीची एसटी रेषा (जी खाली गेली तर हृदयाला रक्त कमी पडतंय असं धरतात) खाली जाऊ शकते. सीटी स्कॅनवर हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा कॅल्शियम स्कोअर शून्य आला तरी धमनीत मऊ, कॅल्शियम न साठलेला थर असू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

दोन्ही आजार असतील तर डॉक्टरांनी एकमेकांचे कागद पाहायलाच हवेत. क्रोन्ससाठी इन्फ्लिक्झिमॅब हे सूज दाबणारं इंजेक्शन सुचवलं असेल आणि हार्ट फेल्युअर मध्यम किंवा तीव्र असेल तर ते औषध टाळतात. म्हणून अशा रुग्णाचा ताजा एको आधी बघावा. घरचा वजनकाटाही इथे फसवतो. हार्ट फेल्युअरमध्ये तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढ झाली तर पाणी साठतंय असं समजून कळवायचं असतं. पण त्याच दिवसांत जुलाब चालू असतील तर एकीकडे साठणारं पाणी दुसरीकडून जातं आणि काटा जागचा हलत नाही. तेव्हा पायावरची सूज, झोपल्यावर लागणारा दम आणि दिवसातली शौचं वजनाशेजारी लिहावीत.

एका कामासाठी मात्र दुर्बिणीला पर्याय नाही. मोठ्या आतड्याचा आजार सुरू होऊन साधारण आठ वर्षं झाली की कर्करोगाच्या पाळतीसाठी कोलोनोस्कोपी सुरू होते. पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर त्याचं निदान झाल्यापासूनच, दर वर्षी. कॅल्प्रोटेक्टिन २० आलं म्हणून ती तारीख पुढे ढकलता येत नाही.