पुढून येणारा गरम वारा

गणपतीला आठ दिवस राहिले की आमच्या ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर कुरकुरणारी गाडी लोकांना नेमकी त्याच आठवड्यात आठवते, कारण कोकणात उतरायचं असतं. अशाच एका सकाळी कासारवडवलीच्या एक ताई आल्या आणि बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाल्या, "दादा, हेड गॅस्केट गेलीय म्हणतात. २८ हजार सांगितलेत. तुम्ही किती घ्याल?"

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील; ते फुटलं की आतला गॅस, पाणी आणि तेल एकमेकांत मिसळतं. हे कोणी सांगितलं, ते मी विचारत नाही. विचारतो ते एवढंच, की गाडी गरम कधी होते?

"घोडबंदरला. मानपाड्याला ट्रॅफिक लागलं की काटा चढतो. परवा हायवेने शहापूरला जाऊन आले, तेव्हा काहीच नाही झालं."

खरं तर निम्मं निदान तिथेच झालं होतं. पळताना थंड आणि उभ्याने गरम म्हटलं की वाऱ्यात खोट असते, कारण उभ्या गाडीला वारा देणारा फक्त फॅन. उलट चढावर, वेगात गरम होत असेल तर पाण्याच्या फिरण्यात गडबड शोधायची: पंप, थर्मोस्टॅट (गरम झालं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह), आतून चोक झालेला रेडिएटर. आणि फुटलेली गॅस्केट ट्रॅफिक बघून त्रास देत नाही. ती शहापूरला जाऊन गुपचूप परत येऊ देईल, हे मला पटेना.

तरी २८ हजारांचा प्रश्न होता, म्हणून आधी गॅस्केटच तपासली. इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरची कॅप काढली. गरम असताना ही कॅप कधीच उघडायची नाही. ती १.१ बार दाब धरून ठेवते, म्हणून आतलं पाणी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब सुटला की तेच पाणी वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या डाव्या मनगटावर एकविसाव्या वर्षीचा डाग आहे, तो या धड्याचाच. कूलंट काठोकाठ होतं, त्यावर तेलाचा तवंग नाही. गाडी चालू करून बघत बसलो, एक बुडबुडा आला नाही. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय नाही. गॅस्केट ठणठणीत होती.

मग इंजिनाचं तापमान दाखवणारा स्कॅनर लावला. ९० अंश, ९५, ९८, आणि फॅन चालू झाला. आवाज ऐकला, वाकून पाती फिरताना बघितली आणि फॅनचा विषय मनातून काढून टाकला. चूक झाली ती इथे. आकडा मात्र खाली येईना. १०१, १०३, १०६. इंजिन बंद केलं.

पुढचा दीड तास मी वाया घालवला. थर्मोस्टॅट काढून चहाच्या जुन्या टोपात उकळला. त्यावर ८२ अंश कोरलेलं होतं आणि त्या सुमारास तो शहाण्यासारखा उघडला. परत बसवला. रेडिएटर आतून चोक असेल म्हणून तो उतरवायचं ठरवलं. मघाशी ताई बोलता बोलता म्हणाल्या होत्या, "सिग्नलला एसीपण गार करत नाही हो." ते मी कानाआड केलं. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच असतो आणि त्यालाही तोच फॅन वारा देतो. दोघं एकाच वेळी तक्रार करतात तेव्हा दोघांचा सामाईक माणूस शोधायचा, हे मीच पोरांना शिकवतो!

उतरवण्याआधी एकदा शेवटचं म्हणून गाडी चालू केली. आमचा नवा पोरगा कटिंगचा ग्लास घेऊन गाडीच्या पुढे उभा होता. म्हणाला, "उस्ताद, हिच्या पुढून गरम वारा येतोय पायाला."

मी त्याला ओरडणार होतो, बाजूला हो म्हणून. आणि तसाच थांबलो.

या गाडीचा फॅन रेडिएटरच्या मागे असतो. त्याने पुढची हवा ओढून मागे इंजिनाकडे टाकायची. म्हणजे बंपरपुढे उभं राहिलं तर वारा आत जायला हवा. रद्दीतलं एक पान घेऊन जाळीवर धरलं. फॅन सरळ असेल तर कागद जाळीला चिकटतो. हा फडफडून माझ्या तोंडावर आला.

फॅन उलटा फिरत होता. बॉनेटखालची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता, आणि पात्यांचा बाकही त्या दिशेला नसल्यामुळे तीही धड नाही. हायवेवर समोरून येणारा वारा त्याला हरवत होता, म्हणून शहापूर सुखरूप.

"ताई, गाडी पुढून ठोकली होती का?"

"हो की. जूनमध्ये. बंपर, रेडिएटर, फॅन, सगळं नवीन टाकलं. ते सांगायचं असतं का?"

ठोकली तेव्हा फॅनच्या वायरी जोडणारा कपलर तुटला असणार. कोणीतरी वायरी कापून सरळ जोड मारला होता आणि वरून काळी टेप गुंडाळली होती. दोन वायरचा डीसी मोटरचा फॅन; प्लस-मायनस अदलाबदल झालं की उलटा फिरतो, बाकी तक्रार काही नाही. पावसाळ्यात निभावलं, पाऊस उघडला तसा काटा चढला.

जोड सोडवून वायरींची अदलाबदल केली, नवा कपलर टाकला. अर्ध्या तासाचं काम. कागद जाळीला असा चिकटला की ओढून काढावा लागला. पोराला त्या दिवशी वडापाव माझ्याकडून, दोन.

मग ट्रायल. ताईंना बाजूला बसवून एसी चालू ठेवून घोडबंदरला निघालो. जन्मात पहिल्यांदा ट्रॅफिक मिळावं म्हणून वाट बघत होतो, तर मानपाडा, पातलीपाडा, सगळा रस्ता मोकळा! शेवटी मागे फिरून तीन हात नाक्यावर आलो. तिथे निराशा झाली नाही. समोर बस, बाजूला रिक्षा, ऊन रणरणतं. स्कॅनरवर ९८. फॅन लागला. ९७. ९५. ९३.

"दादा, सिग्नल सुटला," ताई म्हणाल्या. मागचे हॉर्न मारत होते.

"हा पकडायचा नाही," मी म्हटलं, "अजून एक बघू."